दोन सड वासराला

वेंकूबाईंच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती, दाट आणि पातळ. दाट माणसं त्यांना सत्तर वर्षांत चार-पाच भेटली होती, आणि त्यांतली तीन वारली होती. बाकी सगळं तिरुवैयारु पातळ, तंजावर त्याहून पातळ, आणि चेन्नईबद्दल तर त्या बोलतच नसत.

पाकिटातलं दूध पिणारा पातळ. दूध घालताना मापात अंगठा बुडवणारा पातळ. आणि वासरू मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढं उभं करणारा, तो तर माणसातच नाही. त्यांच्या गल्लीतल्या एका कोनारानं, म्हणजे इकडच्या गवळ्यानं, एकदा हे केलं होतं. गाय त्या पेंढ्याला चाटत राहिली आणि तो खाली बसून चरवी भरत राहिला. त्याला झाली अकरा वर्षं. तेव्हापासून वेंकूबाई त्याच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावत. तो बिचारा दर वेळी हसून वणक्कम घालायचा, आणि या मान फिरवायच्या. गाईला फसवणारा माणसाला काय सोडणार, असं त्या चारचौघांत म्हणत, त्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं.

पापनाशमहून लग्न होऊन त्या इथं आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा रजिस्ट्रार कचेरीत कारकून. माणूस सज्जन, पण गाईला कुठल्या बाजूनं वैरण घालायची ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. गोठा होता सासूचा. सासूनं पहिल्याच सकाळी नव्या सुनेला गाईखाली बसवलं आणि एकच गोष्ट सांगितली: दोन सड वासराला, दोन घराला. घरात पाहुणे आले, सण आला, मूल आजारी पडलं, तरी तिसऱ्या सडाला हात लावायचा नाही. वासरू दिवसभर आईपाशी मोकळं असायचं, पाहिजे तेव्हा प्यायचं. गल्लीतले लोक हसायचे, की अहो, सगळं वासरूच पितं. मग काय तू पितोस, असं वेंकूबाई विचारायच्या आणि विषय संपवायच्या.

गायही अशी, की तिच्याशी दुसऱ्या रीतीनं वागणं जमलंच नसतं. उंबलाचेरी म्हणतात तिला, इकडच्या कावेरीकाठच्या चिखलातली गाय. ठेंगणी, राखी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, चारी पायांत पांढरे मोजे. दूध दोन लिटर दिलं तर उपकार. वासरू पुढं नसेल तर तेवढंही नाही, पान्हा चोरून उभी राहते आणि तुमच्याकडं बघत रवंथ करते. दूध सोसायटीच्या माणसांनी तीनदा येऊन सांगितलं, की ही विका आणि जर्सी घ्या. तिसऱ्या वेळी वेंकूबाईंनी त्यांना ताक दिलं नाही, नुसतं पाणी दिलं. त्यांच्या हातून होणारा हा सर्वांत मोठा अपमान होता, आणि तो त्या लोकांना कळलासुद्धा नाही.

तर अशी ही बाई. हिच्याकडं वर्षातून एकदा तंजावर-पापनाशमची मराठी घरं जमायची, वसुबारसेला. कारण सवत्स गाय आता दुसऱ्या कुणाकडं उरलीच नव्हती. बँकांतून, शाळांतून, वकिलीतून आलेली ही माणसं. घरात निम्मं तमिळ बोलणारी, देवनागरी पाहिली की चष्मा पुसणारी. पण बारस आली की बायका उडदाचे वडे घेऊन हजर. आणि वेंकूबाईंच्या घरची एक रीत होती, सासूच्या सासूपासूनची. आधी वासरू लावायचं. गाईला पान्हा फुटला, वासराच्या तोंडाला फेस दिसला, की मग कुंकू. तोवर कितीही मोठ्या घरची बाई असो, ताट घेऊन उभी राहायची. पूजा गाईची नाहीच, पान्ह्याची, असं त्या सांगत. आणि कुणी घड्याळ पाहिलं तर त्याला पातळ म्हणत.

मग यंदाच्या श्रावणात त्या गोठ्यात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, बसलं ते वाकडं बसलं. गाय तेव्हा सात महिन्यांची गाभण. टिकली तिचं नाव, सासूच्या गाईपासूनची सातवी पिढी, आणि गोठ्यात आता ती एकटीच. तिच्या पोटी जे येईल त्यावर वेंकूबाईंचा सगळा जीव. कालवड झाली तर वंश चालला, आणि गोऱ्हा झाला तर त्याहून बरं, कारण पंचक्रोशीत शुद्ध वळू राहिलाच नव्हता, सगळा कारभार डॉक्टरच्या नळीतून. त्याला वळू म्हणून वाढवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण वाकड्या मनगटानं वैरणीची पेंढी उचलेना. मुलगी वर्षा मस्कतला, आणि तिला काही गाय पार्सलनं पाठवता येत नव्हती.

राहता राहिला मुरलीकृष्ण, दिराचा मुलगा.

मुरली वीस वर्षं सिंगापुरात कॉम्प्युटरपुढं बसून आला होता. ओरत्तनाडूच्या रस्त्याला त्यानं सहा एकर घेऊन गोठा काढला होता. गोठा म्हटलेलं त्याला आवडत नसे, फार्म म्हणायचं. तिथं गाय आणि वासरू एकत्र ठेवतात, हे त्याचं मोठं संशोधन. वेंकूबाई हे पन्नास वर्षं करत होत्या, पण त्यांनी पाटी लावली नव्हती. मुरलीनं इंग्रजी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत लावली होती. प्रत्येक गाय-वासराच्या जोडीला निळ्या रंगाचं वेगळं कुंपण, त्यावर दोघांचं नाव, म्हणजे रविवारी तिकीट काढून येणाऱ्यांना फोटो घ्यायला बरं. दूध काचेच्या बाटलीत. आणि स्वतः मुरली गुडघ्यापर्यंत येणाऱ्या हिरव्या रबरी बुटांत. चिखल लागला तर पाय धुतात, ही गोष्ट त्याला वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. तो पातळ आहे हे वेंकूबाईंनी तो पाळण्यात असतानाच ओळखलं होतं.

पण अडला हरी. त्यांनी टिकली त्याच्याकडं पाठवली आणि एकच अट घातली, की वासरू आईपासून हलवायचं नाही. मुरली दुखावलाच. तेच तर आमचं युएसपी आहे काकी, असं म्हणाला.

आश्विन संपत आलेला, पाऊस लागलेला, तेव्हा त्याचा फोन आला. टिकली व्याली. दोन दिवसांनी त्यानं गाडी पाठवली आणि वेंकूबाई वासरू बघायला गेल्या. बारसेला सहा दिवस होते, आणि यंदाची बारस फार्मवरच करायची असं मुरलीनं परस्पर चाळीस माणसांना कळवूनही टाकलं होतं.

पहिल्या कुंपणात टिकली उभी होती. मागचे पाय दोरीनं बांधलेले. तिच्याजवळ एक मळकट राखी कालवड, आणि पाटीवर दोघींची नावं. टिकली त्या कालवडीकडं बघतही नव्हती. तिची मान तिसऱ्या कुंपणाकडं होती आणि ती हंबरत होती. वेंकूबाईंनी तिकडं पाहिलं. तिथं एक धिप्पाड तांबडी जर्सी, आणि तिच्या मागं अंतर राखून उभा राहिलेला एक लाल गोऱ्हा. कपाळावर पांढरा टिळा, चारी पायांत पांढरे मोजे. देवानं सही-शिक्का मारून पाठवलेला.

उंबलाचेरीचं वासरू जन्मतं ते लालच. सहा-आठ महिन्यांनी आईसारखं राखी होतं. जर्सीच्या पोटी मात्र नळीतून आलेला कुठलाही रंग निघतो. हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मुरलीचे दोन्ही गडी ओडिशाकडचे, आणि मुरली सिंगापूरकडचा.

"हें हिचं म्हणून कोण सांगिटलं तुज?" वेंकूबाईंनी विचारलं.

मुरलीला तेच पाहिजे होतं. त्यानं सगळी हकिकत रंगवून सांगितली. पहाटे धो धो पाऊस, गडी पाणी उपसण्यात गुंतलेले, आणि गाभण गाईंच्या छपराखाली दोन्ही गाई एकाच वेळी व्याल्या. हा बूट घालून पोचला तेव्हा टिकली लाल वासराला चाटत होती आणि राखी वासरू कोपऱ्यात पडलं होतं. व्यायला आलेली गाय दुसरीचं वासरू चोरते, हे त्यानं फोनवर वाचलेलं होतं. यानं चोरी पकडली. लाल काढून लाल गाईला दिलं, राखी काढून राखी गाईला. "कलर बघा ना काकी," तो म्हणाला. "जेनेटिक्स. सिंपल आहे."

वेंकूबाईंनी तोंड उघडलं. लाल ते टिकलीचं. तीन शब्द होते, आणि तेवढ्यानं काम झालं असतं. पण त्याच वेळी रविवारची मंडळी आली. मुरलीनं काकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना इंग्रजीत सांगितलं, की या माझ्या आँटी, जुन्या काळचं ज्ञान, आम्ही ते रेकॉर्ड करून ठेवणार आहोत. मग त्यांना टिकलीजवळ उभं केलं. जरा डावीकडं सरका, म्हणाला. पाटी दिसत नाही.

वेंकूबाईंनी तोंड मिटलं.

इथून पुढं त्यांनी जे केलं ते सरळ सांगितलेलं बरं, कारण स्वतः त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी ते तीन शब्द सहा दिवस जपून ठेवले. बारसेला चाळीस माणसं येणार, मुरली बूट घालून टिकलीपुढं ती कालवड आणणार, आणि घरची रीत आहे, आधी पान्हा. टिकली काय करेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग सगळ्यांपुढं एकच वाक्य बोलायचं, हळू आवाजात. त्या वाक्याची त्यांनी घरी तयारी केली. आधी रागानं म्हणून पाहिलं, मग हसत. हसत जास्त बरं वाटलं. गोऱ्ह्याचं मनात येई, नाही असं नाही. जर्सी त्याला जवळ येऊ देत नव्हती, लाथ दाखवत होती. पण गडी बाटलीनं पाजत असतील. सहा दिवसांनी काय होतंय, उंबलाचेरीची जात चिवट. हे त्या स्वतःला सांगत आणि झोपत. झोप चांगली लागायची.

बारसेच्या संध्याकाळी पाऊस थांबला. मंडळी आली, बायकांच्या हातांत वड्यांची ताटं. मराठी पाटी वाचता येणारं त्यांच्यात दुसरं कुणी नव्हतंच, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले बाळकृष्णराव म्हणाले, "वेंकूबाई, तेव्हढं वाचून दाखवा की आम्हास." त्यांनी वाचलं. इथं आई आणि लेकरू वेगळी होत नाहीत. प्रत्येक शब्द सुटा सुटा करून वाचला, चघळत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मुरलीनं हात जोडले.

मग त्यांनी रीतीची आठवण दिली. आधी पान्हा. आणि टिकलीचे पाय सोड म्हणाल्या, देवाला बांधून पूजा होत नाही. मुरलीनं दोरी सोडली, कालवडीला आणून कासेला लावलं. टिकलीनं एकदा हुंगलं आणि लाथ झाडली. कालवड कोलमडली, पाठोपाठ दुसरी लाथ बसली ती पूजेच्या ताटाला. कुंकू सगळं हिरव्या बुटांवर. कुणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले.

वेंकूबाई थांबल्या. हसू ओसरू दिलं. आणि म्हणाल्या, "मुरली, लाल तें टिकलीचं रे. आमची वासरं लालच जन्मतात. इतकं शिकलास, तेव्हढं कोणास पुसायचं होतंस."

मग बाळकृष्णरावांना आठवलं, की अरे हो, लालच असतात. मग पापनाशमच्या एका बाईंना आठवलं. बघता बघता चाळीसही जणांना ठाऊक होतं. मुरलीचा चेहरा ताटातल्या वड्यासारखा झाला होता, आणि वेंकूबाईंना सत्तर वर्षांत एवढं गोड काही लागलं नव्हतं.

"आतां जा," त्या म्हणाल्या. "घेऊन ये त्यास."

मुरली हलला नाही.

"ते काल दिलं, काकी," तो म्हणाला.

ती गाय त्याला घेईना. बाटली धरली तर तोंड फिरवायचं, चार दिवसांत पार वाळलं. त्यात नर. आज एवढी माणसं येणार, त्यांच्यापुढं तसलं वासरू बरं दिसलं नसतं. म्हणून काल संध्याकाळी टेंपोवाल्या सुब्रमण्यमला बोलावून देऊन टाकलं. पैसे घेतले नाहीत, हे मुरलीनं दोनदा सांगितलं.

वेंकूबाईंनी तिसऱ्या कुंपणाकडं पाहिलं. तिथं तांबडी जर्सी एकटी रवंथ करत होती. इतका वेळ त्यांनी तिकडं पाहिलंच नव्हतं. आल्यापासून त्या मुरलीचं तोंड बघत होत्या.

सुब्रमण्यमला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तो तमिळमध्ये मोकळेपणानं बोलला. म्हणाला, मलाही नवल वाटलं, उंबलाचेरीचा असा देखणा गोऱ्हा फुकट कोण देतं. मी बाजारात नेणार नव्हतो, वळूसाठी ठेवून घेणार होतो. पण पोटात काही नव्हतंच हो त्याच्या. घरी पोचायच्या आधी टेंपोतच गेला. मग त्यानं विचारलं, की गाय दूध देत नसेल ना आता? कातडं आहे अजून. पेंढा भरून सकाळी आणून देतो.

मुरलीनं फोन हातात धरून काकीकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वेंकूबाईंना त्याचा राग आला, कारण ते खरं होतं.

"काकी," त्यानं विचारलं, "तुम्हास केव्हां कळलं?"

चाळीस माणसं उभी होती. जन्मभर वेंकूबाईंनी खोटं बोलणाऱ्याला पाण्याशिवाय काही दिलं नव्हतं.

"आत्तां," त्या म्हणाल्या. "लाथ मारली तेव्हां."

टिकली तिसऱ्या कुंपणाकडं तोंड करून हंबरली. वेंकूबाईंनी खाली वाकून तिच्या कासेला हात लावला. कास तटतटून दगड झाली होती, आणि हात लागताच गाय थरथरली. अशी अजून एक-दोन दिवस राहिली तर सड नासणार, मग गाय ताप घेणार, आणि पुढचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मुरलीच्या हातून फोन घेतला आणि सुब्रमण्यमला सांगितलं, की घेऊन ये.

त्या रात्री त्या घरी गेल्या नाहीत. वडे तसेच राहिले, पूजा झालीच नाही.

सकाळी सुब्रमण्यमनं ते टेंपोतून उतरवलं. पायांच्या जागी बांबूच्या काठ्या, पोटाला सुतळीची शिवण. कपाळावरचा टिळा नीट आला होता, आणि चारी मोजेसुद्धा. त्यानं ते टिकलीपुढं उभं केलं आणि तो बाजूला झाला. टिकलीनं हुंगलं. मग जीभ काढून चाटायला लागली, कानापासून पाठीपर्यंत, व्याली त्या पहाटे पावसात अर्धवट राहिलं होतं तिथून पुढं. पेंढा करकरत होता. मुरली बूट न घालता आला होता, चिखलात अनवाणी उभा होता. त्यानं चरवी पुढं केली तेव्हा वेंकूबाईंनी ती घेतली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही.

त्या वाकडं मनगट सांभाळत खाली बसल्या. हात लावायचा अवकाश, पान्हा सुटला. त्यांनी दोन सड पिळले आणि सवयीनं उठल्या, चरवी कडेला धरून, वासराला वाट द्यायला. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. टिकली चाटतच होती.

मग त्या पुन्हा बसल्या आणि उरलेले दोनही पिळले.